विश्लेषण : ‘हाफकिन’ हे कंपनीचं नाव नाही, प्लेगची लस आधी स्वतःला टोचणारा हा शास्त्रज्ञ कोण होता?

भंडारा : धानाची रोवणी सुरू झाली की जिल्ह्यात सर्पदंशाच्या बातम्याही सुरू होतात. बांधीत चिखल तुडवणाऱ्या मजुराला घोणस चावते, रात्री जमिनीवर झोपलेल्या लेकराला मण्यार चावते आणि घरचे मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना गाठतात. तिथं सर्पविषावरच्या लसीची जी कुपी फोडली जाते, तिच्यावर अनेकदा ‘हाफकिन’ हे नाव छापलेलं असतं. पोलिओच्या डोसमुळेही हे नाव घराघरांत पोचलं. २०१७ नंतर काही वर्षं राज्यातल्या सरकारी दवाखान्यांची औषधखरेदी याच नावाच्या महामंडळाकडे होती, त्यामुळे औषधांच्या बातम्यांत ते रोज दिसायचं.

नाव इतकं ओळखीचं झालं, की ते एका माणसाचं आडनाव आहे हेच मागे पडलं. वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन हे त्यांचं पूर्ण नाव. सर्पदंशाची लस किंवा पोलिओचे डोस त्यांनी बनवले नाहीत. ती त्यांच्या नावाच्या संस्थेची नंतरची कामं. स्वतः हाफकिन यांनी आयुष्यभर दोनच जीवाणूंचा पिच्छा पुरवला : एक कॉलऱ्याचा, दुसरा प्लेगचा. या दोन्ही लसी त्यांनी आधी स्वतःच्या शरीरात टोचून घेतल्या. आणि मग पंजाबातल्या एका खेड्यात उघडलेल्या एका बाटलीनं त्यांची कारकीर्द जवळपास संपवली. ती बाटली कुठं दूषित झाली, या प्रश्नावर पाच वर्षं वाद चालला.

ओडेसातला बंडखोर विद्यार्थी

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना शिक्षक मिळाले इल्या मेचनिकॉव्ह. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवून पुढं नोबेल मिळवणारे हेच ते मेचनिकॉव्ह.

शिक्षण मात्र सरळ झालं नाही. झारविरोधी क्रांतिकारकांशी संबंध ठेवल्यामुळे हाफकिन पोलिसांच्या नजरेत होते. १८८१ मध्ये ओडेसात ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा वस्तीच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये ते होते. त्यात ते जखमी झाले, अटकही झाली. मेचनिकॉव्ह यांनी शब्द टाकला म्हणून सुटले.

पुढं प्राणिशास्त्रात पदवी मिळाली, संशोधनही चांगलं होतं, पण विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं तर ज्यू धर्म सोडून रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती व्हावं लागणार होतं. हाफकिन यांनी नकार दिला. शहरातल्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काही वर्षं काढून १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा, मग १८८९ मध्ये पॅरिस. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकॉव्ह आधीच पोचले होते. संशोधकाची जागा रिकामी नव्हती. रिकामी होती ती सहायक ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तकं, उरलेल्या वेळात प्रयोगशाळा.

एक गोष्ट इथंच लक्षात ठेवायला हवी : हाफकिन डॉक्टर नव्हते. प्राणिशास्त्रातून जीवाणूंकडे वळलेले संशोधक होते. पुढं भारतात ब्रिटिश लष्करी डॉक्टरांना ही गोष्ट कायम खुपली.

कॉलऱ्याची लस आणि पहिली सुई

कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात, तिथल्या तलावांच्या पाण्यात आणि रुग्णांमध्ये दाखवून दिला होता. स्पेनमध्ये जौमे फेरान यांनी १८८५ मध्येच जिवंत जंतू टोचून लोकांचं संरक्षण करण्याचा प्रयत्न केला होता, त्यामुळे कॉलऱ्यावरची पहिली लस हाफकिन यांची, असं सरसकट म्हणता येत नाही. फेरान यांच्या लसीतल्या जंतूंची ताकद प्रत्येक वेळी वेगळी यायची. हाफकिन यांनी नेमका हाच दोष हातात घेतला.

त्यांनी दोन टप्प्यांची पद्धत बसवली. कॉलऱ्याचे जंतू ३९ अंश तापमानात, सतत हवा खेळती ठेवून वाढवले की ते दुबळे होतात. दुसरीकडे तेच जंतू एका गिनी पिगच्या पोटातून दुसऱ्याच्या, दुसऱ्यातून तिसऱ्याच्या असे नेत राहिलं की त्यांची मारक शक्ती वाढत जाते आणि एका पातळीला स्थिर होते. पहिली सुई दुबळ्या जंतूंची, काही दिवसांनी दुसरी सुई जहाल जंतूंची. पहिलीनं शरीराला ओळख करून द्यायची, दुसरीनं तयारी पक्की करायची. महत्त्वाचं म्हणजे जंतूंची ताकद आता ठरवून राखता येत होती.

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेल्या जागी दुखलं, काही दिवसांत सगळं ओसरलं. मग काही मित्रांनी टोचून घेतली.

त्या वर्षी युरोपात कॉलरा पसरत होता. हाफकिन यांनी लस रशियाला देऊ केली. ज्या देशानं प्राध्यापकी नाकारली त्या देशानं लसही नाकारली. शेवटी मदत झाली ती पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन यांची. डफरिन पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. लस खरंच काम करते का, हे पाहायचं तर कॉलरा दरवर्षी हजारोंचा जीव घेतो अशा देशात जायला हवं, हे दोघांनाही कळत होतं. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्यात उतरले.

कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये

आधी उत्तर भारतात, आग्र्यापासून सुरुवात झाली. सैनिक, गावकरी असे हजारो लोक टोचले गेले, पण त्यातून फारसं सिद्ध होईना. लस घेतलेल्या माणसाला कॉलरा झाला नाही, तर ती लसीची करामत की तो त्या वर्षी वाचणारच होता? हे कळायला एकाच ठिकाणी, एकच पाणी पिणारे, सारख्याच परिस्थितीत राहणारे दोन गट हवेत : एक टोचलेला, एक न टोचलेला. आज औषधांच्या चाचण्यांमध्ये ही पहिली अट असते. १८९० च्या दशकात ती इतक्या आग्रहानं पाळणारे थोडेच होते.

अशी संधी १८९४ मध्ये कोलकात्याच्या काटल बागान वस्तीत मिळाली. एकाच तलावाच्या पाण्यावर जगणारे सुमारे २०० लोक, त्यात कॉलऱ्याचे रुग्ण निघालेले. लोक आधी सुई घ्यायला तयार नव्हते. हाफकिन यांच्यासोबतचे भारतीय डॉक्टर वस्तीत फिरले, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलले, सगळ्यांसमोर हाफकिन यांनी स्वतःला सुई टोचवून घेतली. ११६ जण पुढं आले. त्यानंतर वस्तीत कॉलऱ्याचे जे रुग्ण सापडले, ते सगळे न टोचलेल्यांमधले होते.

मग आसामच्या चहामळ्यांतून कुलींना टोचण्यासाठी बोलावणं आलं. १८९५ पर्यंत सुमारे ४२ हजार लोक टोचले गेले होते. हाफकिन यांना मात्र मलेरियानं गाठलं आणि विश्रांतीसाठी युरोपात परतावं लागलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा भारतात आले, पण आता कॉलऱ्यापेक्षा भयंकर काहीतरी मुंबईत वाट पाहत होतं.

मुंबईत प्लेग : एक खोली, एक व्हरांडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका रुग्णाच्या अंगावरची गाठ पाहून प्लेगचं निदान केलं. काही महिन्यांत शहरातली जवळपास निम्मी माणसं पळून गेली, असा तेव्हाचा अंदाज आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला (करोनाच्या काळात तुम्ही ज्या कायद्याचं नाव रोज ऐकलं, तो हाच). घरोघरी झडत्या, सामान जाळणं, माणसांना उचलून छावणीत नेणं सुरू झालं. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनला चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. महाराष्ट्राच्या इतिहासातला हा भाग शाळेत शिकवला जातो. त्याच महिन्यांत जे. जे. रुग्णालयाच्या आवारात काय चाललं होतं, हे क्वचितच सांगितलं जातं.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत पोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. जीवाणूंचं प्रशिक्षण कुणालाच नाही. समोर असा जंतू, जो चुकून अंगात गेला तर वाचण्याची शक्यता फार थोडी. काम इतकं ताणाचं होतं, की काही आठवड्यांतच एक मदतनीस आजारी पडला आणि आणखी दोघांनी काम सोडलं.

प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोचतो हे अजून कोडंच होतं. उंदरांवरच्या पिसवांचा वाटा पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवला, आणि त्यांच्यावरही बराच काळ कुणी विश्वास ठेवला नाही. म्हणजे रोग पसरतो कसा हे माहीत नसताना त्याच्यावर लस बनवायची होती.

तुपाच्या थेंबाखाली वाढणारा जंतू

या वेळी हाफकिन यांनी रस्ता बदलला. कॉलऱ्याला त्यांनी जिवंत जंतू वापरले होते, प्लेगला मेलेले वापरायचं ठरवलं. हातात वेळ कमी होता आणि मेलेल्या जंतूंनी रोग होण्याचा धोका नव्हता. पण मेलेले जंतू पुरेसे परिणामकारक व्हायचे तर ते भरपूर हवेत, आणि ते ज्या द्रवात वाढले त्यातला त्यांचा स्रावही हवा.

मोठ्या काचेच्या चंबूत मांसाचा रस घ्यायचा. त्यात प्लेगचे जंतू सोडायचे आणि वरून तुपाचे थेंब टाकायचे. थेंब पृष्ठभागावर तरंगतात आणि जंतू त्या थेंबांना धरून खाली वाढू लागतात. गुहेच्या छतावरून चुन्याचे सुळके लोंबतात, तशा त्यांच्या बारीक दोऱ्या द्रवात लोंबायला लागतात. काही दिवसांनी चंबू हलवायचा, दोऱ्या तुटून तळाशी बसतात, वर पुन्हा नव्या वाढतात. असं सुमारे सहा आठवडे. प्लेगचा जंतू आहे की दुसराच कुठला घुसला, हे ओळखायलाही या लोंबत्या दोऱ्या उपयोगी पडायच्या, कारण अशी वाढ ही त्याची खूण होती. शेवटी चंबू ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवायचा, म्हणजे जंतू मरतात, आणि दुसरे जंतू वाढू नयेत म्हणून थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. ही शेवटची पायरी लक्षात ठेवा, पुढं सगळं तिच्यावरच आलं.

तूप प्रत्येक घरात मिळतं. अख्ख्या देशाला पुरेल इतकी लस साध्या सामानात बनवता यावी, याचा विचार या पद्धतीत दिसतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर प्रयोगशाळेतला नमुना बनवतानाच हाफकिन कारखान्याचा विचार करत होते.

सशांवर लस चालली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला १० घन सेंटिमीटर लस टोचून घेतली. पुढं लोकांना दिल्या गेलेल्या मात्रेच्या कितीतरी पट ही मात्रा होती. चांगलाच ताप चढला, वेदना झाल्या, आणि ते बरे झाले. त्यानंतर कॉलेजमधले डॉक्टर आणि शहरातले काही मान्यवर पुढं आले.

भायखळा तुरुंगात काय घडलं?

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तीनशेच्या वर कैदी, एकाच भिंतीआड, एकच अन्न, एकच हवा. काटल बागानपेक्षाही नेमकी तुलना इथं होऊ शकत होती. तयारी दाखवणाऱ्या कैद्यांना टोचलं गेलं. न टोचलेल्या १७२ जणांपैकी १२ आजारी पडले आणि ६ मेले. टोचलेल्या १४७ पैकी २ आजारी पडले, मृत्यू एकही नाही.

तुरुंगातल्या माणसाची संमती कितपत खरी, हा प्रश्न आज कुठलीही नीतिमत्ता समिती पहिल्यांदा विचारेल, आणि तो विचारलाच पाहिजे. हाफकिन यांच्या बाजूनं इतकंच म्हणता येतं, की सक्ती करण्याचे सगळे अधिकार सरकारच्या हातात असताना ते शेवटपर्यंत ऐच्छिक लसीकरणावरच काम करत राहिले.

आकडे पसरले, तशी मागणी वाढली. तिसरे आगा खान तेव्हा जेमतेम १९ वर्षांचे होते. त्यांनी सगळ्यांसमोर सुई टोचवून घेतली, खोजा समाजातले हजारो लोक त्यांच्या मागं आले, आणि लस बनवायला त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही दिला. हुबळीत १८९८ मध्ये शहरातल्या बहुतेक लोकांनी लस घेतली.

बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावातली चाचणी सगळ्यात स्पष्ट ठरली. १८९८ च्या सुरुवातीला प्लेग असलेल्या या गावात प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना टोचलं आणि निम्म्यांना तसंच ठेवलं. घर तेच, चूल तीच, उंदीरही तेच. टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांना प्लेग झाला, ३ मेले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांना झाला, २६ मेले. हे आकडे वाचताना कुठल्या घरातलं कोण कुठल्या गटात पडलं असेल, हा विचार टाळता येत नाही.

लस अचूक होती असं मात्र नाही. टोचल्यावर दोन-तीन दिवस ताप आणि हात ठणकायचा, रोजंदारीवरच्या माणसाला ते परवडायचं नाही. संरक्षण काही महिन्यांचंच होतं आणि टोचलेल्यांतलेही काही दगावत. सरकारनं नेमलेल्या प्लेग आयोगानंही लसीचा उपयोग मान्य केला, पण मात्रेच्या मोजमापावर बोट ठेवलं. ते बोट चुकीच्या जागी होतं असं म्हणता येणार नाही.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. या वाड्याचा इतिहासही विचित्र. १८८२ मध्ये इथंच गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्यानं गेल्या आणि गव्हर्नरांनी मुक्काम मलबार हिलला हलवला. रिकाम्या झालेल्या त्या वाड्यात आता कॉलऱ्यावर लस बनवणारा माणूस बसला होता.

परळहून लस रेल्वेनं देशभर जाऊ लागली. प्लेगही रेल्वेनंच पसरत होता. भंडारा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, नागपूरसोबत मध्य प्रांतात होता, आणि प्लेग मध्य प्रांतातही पोचला. गाठीच्या तापाची साथ आली की गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहायचं, ही त्या पिढीची रीत होती.

मुलकोवाल : बाटली क्रमांक ५३-एन

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगचा जोर वाढला. तिथल्या सरकारला लाखो मात्रा हव्या होत्या, त्याही लगेच. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी पद्धतीत बदल केले. त्यातला एक म्हणजे कार्बोलिक ॲसिड घालणं बंद केलं आणि निर्जंतुकीकरणासाठी उष्णतेवर भर दिला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही पद्धत मान्य होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. आठवडाभरानं त्यातल्या काहींचे जबडे आखडू लागले. हा धनुर्वात होता. एकूण १९ जणांना झाला आणि १९ ही जण मेले. या सगळ्यांना ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस दिली गेली होती. त्या दिवशी उघडलेल्या इतर बाटल्यांमधून टोचलेल्या कुणालाही काही झालं नाही.

धनुर्वाताचे जीवाणू माती आणि शेणात असतात. त्यांचे बीजाणू इतके चिवट असतात, की ६५-७० अंशांची उष्णता त्यांचं काही बिघडवत नाही. हवाबंद जागी ते वाढतात आणि विष तयार करतात. म्हणजे प्रश्न सरळ होता : ते बाटलीत शिरले कधी? परळला, बाटली भरताना? की ४१ दिवसांनी मुलकोवालला, बाटली उघडताना?

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा निष्कर्ष : दोष परळला, बाटली उघडण्याआधीच शिरला असावा. कार्बोलिक ॲसिड वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आलं. १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

चौकशीत काय सुटलं?

चौकशीच्या कागदपत्रांतच एक घटना नोंदलेली होती. मुलकोवालमध्ये त्या बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो नीट निर्जंतुक न करता, नुसता कार्बोलिक द्रावणात बुडवून, त्यानंच बूच काढलं गेलं. जमीन म्हणजे गावातली माती, गुरांची ये-जा असलेली.

आणखी दोन गोष्टी होत्या. धनुर्वाताचा जंतू ४१ दिवस बाटलीत वाढत असता, तर बूच काढताच दुर्गंधी आली असती; तिथं हजर असलेल्या डॉक्टरांना असा वास आला नव्हता. आणि इतके दिवस वाढलेल्या जंतूंचं विष बाटलीत साठलेलं असतं, तर लक्षणं फार लवकर दिसली असती. प्रत्यक्षात आठवडा लागला. ताजे बीजाणू शरीरात गेल्यावर धनुर्वाताला साधारण इतकाच वेळ लागतो.

यातली कुठलीही बाब एकट्यानं निर्णायक नाही. पण तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होत्या, आणि ती दिशा परळची नव्हती. उरलेल्या लसीत धनुर्वाताचे जंतू सापडले होते खरे, पण तपासणी बाटली उघडल्यानंतर झालेली. त्यावरून जंतू आत कधी गेले हे ठरवता येतच नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यभर तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढला नाही, त्याच्याबद्दलचा निष्कर्ष असा काढला गेला.

चौकशीची कागदपत्रं सरकारनं बराच काळ बाहेर येऊ दिली नाहीत. ती प्रसिद्ध झाली १९०६ च्या अखेरीस. मलेरिया डासांमुळे पसरतो हे भारतातच सिद्ध करून नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी ती वाचली आणि जाहीरपणे हाफकिन यांची बाजू घेतली. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांचं संयुक्त पत्र छापून आलं. हाफकिन यांच्यावरचा आरोप सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. निष्पाप ज्यू लष्करी अधिकारी द्रायफस याला फ्रान्सनं शिक्षा दिल्याचं प्रकरण तेव्हा ताजं होतं. हाफकिन प्रकरणाची त्याच्याशी तुलना होऊ लागली.

रॉस यांना आणखी एक चिंता होती. परळची लसच विषारी होती असं लोकांच्या मनात बसलं, तर कोण टोचून घेणार? १९०७ हे भारतातल्या प्लेगचं सगळ्यात भीषण वर्ष ठरलं. त्या एका वर्षात सुमारे १३ लाख माणसं प्लेगनं मेली.

निर्दोष, पण परळला नाही

१९०७ च्या अखेरीस सरकारनं हाफकिन यांना पुन्हा भारतात बोलावलं. परळची त्यांची जागा भरलेली होती. त्यांना कोलकात्याच्या प्रयोगशाळेचं प्रमुखपद मिळालं, पण लोकांवर लसीच्या चाचण्या घेण्याची मुभा मिळाली नाही. सुटका झाली आणि हात बांधलेलेच राहिले. कॉलऱ्याची लस मेलेल्या जंतूंपासून बनवण्यावर त्यांनी काम केलं, काही निबंध लिहिले आणि पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्ती घेऊन ते फ्रान्सला गेले.

त्यांची प्लेगची लस मात्र थांबली नाही. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचं नाव देण्यात आलं. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखे हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले, त्यांच्या काळात प्लेगची लस आणखी सुधारली. पुढं प्रतिजैविकं आली आणि प्लेग वेळेत ओळखला तर बरा होणारा आजार बनला. तरी तो नाहीसा झालेला नाही; १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात तो पुन्हा निघाला तेव्हा राज्यभर धावपळ उडाली होती. कॉलऱ्याच्या टोचायच्या लसीचं संरक्षण अल्पकाळ टिकतं म्हणून जगानं ती हळूहळू बाजूला ठेवली. कॉलऱ्याचा जंतू नेमका कुठल्या विषानं माणसाला मारतो, हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं.

निवृत्तीनंतर हाफकिन जीवाणूंपासून दूर आणि धर्माच्या जवळ गेले. तरुणपणी क्रांतिकारकांत वावरलेला हा माणूस उतारवयात काटेकोर ज्यू आचार पाळू लागला. त्यांनी लग्न केलं नव्हतं. शेवटची वर्षं स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात गेली. तिथं १९२९ मध्ये त्यांनी आपल्या पैशातून एक निधी उभारला, पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांत शिकणाऱ्या मुलांसाठी. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझानमध्येच त्यांचं निधन झालं. भारतीय टपाल खात्यानं १९६४ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढलं.